रुमालाखालचे मार्क

आमच्या शाळेचे ड्रिलमास्तर मुलांना रुमालाखाली मार्क देत असत. हे वाक्य मी आजवर ज्याला ज्याला सांगितलं, त्याने मला ते पुन्हा म्हणायला लावलं आहे. तेव्हा सावकाशीनेच सांगतो.

ड्रिलचा तास संपला की गुलाबमास्तर मैदानाच्या कडेला निंबाखाली बसत. खांद्यावरचा मोठा चौकटीचा रुमाल काढून उजव्या हातावर पसरत. मग एकेक मुलगा पुढे येई, रुमालाखाली हात घाली, मास्तर त्याची बोटं धरून दाबत आणि मुलगा हात काढून घेऊन चालता होई. त्याचे मार्क त्याला कळलेले असत. मागे रांगेत उभ्या असलेल्या मुलाला कप्पाळ काही कळलेलं नसे. हा सगळा वेळ मास्तर तोंडाने भलतंच काहीतरी बोलत राहत. "औंदा बोरं लई आंबट हायेत," नाहीतर, "तुमच्याकडची म्हस व्याली का रं?"

घोडेगावचा जनावरांचा बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. तिथे दलाल आणि गिऱ्हाईक असेच बोलतात. तोंडाने पाऊसपाण्याच्या गप्पा आणि रुमालाखाली बोटांनी बैलाचा भाव. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला सौदा किती रुपयांना तुटला, म्हणजे ठरला, याचा पत्ता लागत नाही. आमचे गुलाबमास्तर त्याच बाजारातल्या एका जुन्या दलालाचे चिरंजीव. शाळेत आले तेव्हा ती रीत सोबत घेऊन आले.

शाळा नेवासे तालुक्यातल्या एका गावातली, नुकतीच निघालेली. मी तिथे गणित शिकवत असे. लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, कापड रेशनवर होतं, आणि आधीचा ड्रिलमास्तर पलटणीत भरती होऊन निघून गेला होता. त्याच्या जागी हेडमास्तरांनी गुलाबमास्तरांना घेतलं. माणूस सातवीची फायनल पास, तालमीत वाढलेला, लेझमीचा हात सुरेख. घेतलं ते तात्पुरतं. तात्पुरतं म्हणजे, वरून साहेब तपासणीला यायचे आणि त्यांनी बरा शेरा दिला की कायम करायचं.

हे 'कायम' त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की विचारू नका. मुलांनी नवा फुटबॉल मागितला, "कायम झालो की आनू." हॉटेलात चहा प्यायला चला म्हटलं, "कायम झालो की तुमाला पेढे बी चारतो." वर्ष होत आलं तरी त्यांनी बाज घेतली नव्हती, जमिनीवर सतरंजी टाकून निजत. ट्रंकेतले कपडे ट्रंकेतच. आणि घोडेगाव चालत जाण्याइतकं जवळ, पण बाजाराच्या दिवशी सगळं गाव तिकडे लोटलं तरी हे जात नसत. तिथे म्हातारे वडील एकटे होते. मी एकदा छेडलं, तर म्हणाले, "कायम झालो की जातो. भर बाजारात अब्बांना सांगतो. तोवर न्हाई." त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून मी पुढे बोललो नाही. एरवी मी नगरचा माणूस, गप्प बसण्याबद्दल माझी कुठे ख्याती नाही.

निकालपत्रक करण्याचं काम माझ्या गळ्यात होतं. त्यात ड्रिलचा एक रकाना. मी म्हटलं, "अहो मास्तर, मुलांना काय सांगायचं ते सांगा, पण मला तरी मार्क द्याल की नाही?"

"देतो की," म्हणाले, आणि रुमाल हातावर टाकला.

अख्ख्या वर्गाचे मार्क मी शिक्षकांच्या खोलीत रुमालाखाली हात घालून घेतले. संस्कृतचे शास्त्रीबुवा समोर बसून हे पाहत होते आणि तपकीर ओढायची विसरले होते. एक बोट दाबलं म्हणजे एक, की दहा, की शंभर, मला काही केल्या उमगेना. विचारलं तर म्हणाले, "त्ये जनावर बघून समजायचं असतं, गनितमास्तर." मी गणितात पहिल्या वर्गात आलेला माणूस. शेवटी रकानाभर 'ठीक, ठीक' लिहून सुटलो. ड्रिलच्या मार्कांवर तेव्हा कुणी नापास होत नसे म्हणून ते खपून गेलं.

मास्तर स्वतः केवढे होते ते सांगायचं राहिलंच. दरवाज्यातून आत येताना ते किंचित तिरके होत. रेशनच्या कापडात त्यांची चड्डी बसेना, तेव्हा गावच्या शिंप्याने कुठूनसं तंबूचं कापड पैदा करून ती शिवली आणि वर गावभर सांगत सुटला की एवढ्या कापडात दोन पोरांचं लग्न निघालं असतं. हे ऐकून लोक हसत, मास्तरही हसत. मात्र ते हसणं फार लवकर येई. समोरचा बोलायचा थांबायच्या आत ते हसून मोकळे झालेले असत. पुढे मला त्याचं कारण कळलं.

ते धावत नसत. मलखांबावर चढत नसत. मुलांना उडी शिकवायची तर मास्तर नुसते कडेला उभे राहत आणि म्हणत, "मी मारून दाखवली तर हीर पडंल हितं. तू मार." आणि पोरगा मारी. का मारी ते मला बरेच दिवस समजलं नाही.

आमच्या शाळेत छगन म्हणून तेल्याचा मुलगा होता. गोल, गोरा, चालला की मांडीला मांडी घासायची. ड्रिलच्या तासाला त्याच्या पोटात हटकून दुखायचं. आधीच्या मास्तरने त्याला मैदानाला फेरी मारायला लावून बाकीच्यांना टाळ्या वाजवायला सांगितल्या होत्या, त्या दिवसापासून ही दुखणी सुरू झाली होती. गुलाबमास्तरांनी त्याला तासाला बोलावलं नाही. तास संपल्यावर निंबाखाली बोलावलं आणि मैदानाच्या त्या टोकापर्यंत जाऊन यायला सांगितलं. "चालत का पळत?" छगनने विचारलं. "तुला कसं वाटंल तसं. मी हितं तंबाखू मळतोय." तो गेला, आला. रुमालाखाली हात घातला, काढला. दुसऱ्या आठवड्यात छगन तासालाच आला. पुढे पुढे तर सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर.

मला राहवेना. मी त्याला गाठून विचारलं, "किती मिळाले रे?"

"मागल्या बारीपरीस जास्त, सर," छगन म्हणाला.

"अरे पण किती?"

त्याने नुसती मान हलवली. वर्गात कुणीच एकमेकांना मार्क सांगत नव्हतं, आणि दुसऱ्याचे ठाऊक नसल्यामुळे कुणी पहिला नव्हता आणि कुणी शेवटचा नव्हता. कारण एवढंच होतं की मास्तर एका पोराला दुसऱ्याशी ताडून पाहतच नव्हते. ज्याचं त्याच्याशीच.

मला ते पटत नसे. मी त्यांच्याशी वाद घाली. "अहो, चढाओढ नाही तर पोरं हातपाय हलवतील कशाला? मी गणिताचे मार्क वर्गात मोठ्याने वाचतो. शेवटून पहिल्याचंसुद्धा नाव घेतो. पुढच्या वेळी झक मारत अभ्यास करतो." आणि यात काही चूक होतं असं मला अजूनही वाटत नाही.

गुलाबमास्तर तंबाखू मळत म्हणाले, "तुमचं गनित पाटीवर असतंय, मास्तर. चुकलं तर थुकी लावून पुसलं. अंग कुटं पुसायचं?"

यावर मी काहीतरी बोललो असेन, कारण मी नेहमीच काहीतरी बोलतो. काय बोललो ते आठवत नाही.

मग हुकूम आला. यापुढे प्रत्येक मुलाची उंची, वजन, छाती मोजायची, त्याला अ, ब, क अशी श्रेणी द्यायची आणि तपासणीच्या दिवशी ती साहेबांसमोर, सगळ्या शाळेसमोर वाचून दाखवायची. म्हणजे अ वाल्यांना हुरूप येईल आणि क वाल्यांना लाज वाटून ते सुधारतील. हेडमास्तरांनी मास्तरांना बोलावून समजावलं. चांगले होते बिचारे, मास्तरांचं भलं व्हावं म्हणून धडपडत होते. "गुलाबराव, एवढं एक वाचून दाखवा. साहेब खूश होतील, तुम्ही कायम व्हाल. पाच मिनिटांचं काम आहे."

"मोजतो," गुलाबमास्तर म्हणाले. वाचतो असं ते म्हणाले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. हेडमास्तरांच्या आलं नाही.

मोजायला वजनाचा काटा हवा. तो वखारीतून आणला, जवारीची पोती तोलायचा. निंबाच्या फांदीला टांगला तेव्हा निम्मं गाव गंमत बघायला जमलं. छगनला लांबून येताना पाहून पारावरचा एकजण मोठ्याने म्हणाला, "आरं, दुसरा काटा आना." मास्तरांनी काटा उतरवला, शाळेच्या मागच्या खोलीत नेला, दाराला दोन घोंगड्या लावल्या आणि एकेका मुलाला आत घेऊन मोजलं. गाव कंटाळून घरी गेलं.

आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. भाकरी थापत बसले होते. मी म्हटलं, "मास्तर, हट्ट करू नका. बाकीची पोरं चार दिवस हसतील नि विसरतील."

"हसनारी इसरतात," ते म्हणाले आणि भाकरी उलटली.

साहेब आले. तरुण होते, हसतमुख, बोलायला गोड. त्यांच्यात दुष्टपणा असता तर मला हे सांगायला सोपं गेलं असतं, पण तसा तो नव्हता. मुलांनी लेझीम केली. एवढी मुलं, एकाचंही पाऊल चुकलं नाही, छगन मधल्या रांगेत मन लावून खेळत होता. साहेबांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांचा चेहरा उजळला. मलासुद्धा वाटलं, झालं, जमलं.

साहेब खुर्चीवर बसले. मुलं समोर रांगेत. सरपंच, शिंपी, पारावरचे सगळे कडेने उभे. "हं, आता श्रेणी वाचा," साहेब म्हणाले.

गुलाबमास्तर पुढे झाले. हातात कागद नव्हता. "समदं डोक्यात हाय, साहेब. तुमी म्हनाल त्या पोराचं तुमच्या कानात सांगतो."

"कानात कशाला? सगळ्यांना ऐकू द्या."

"न्हाई, साहेब."

साहेबांना वाटलं, माणूस बुजला आहे. ते हसून म्हणाले, "घाबरू नका. मोठ्याने वाचा."

"मोठ्यानं न्हाई सांगनार. रुमालाखाली सांगतो."

हा काय प्रकार ते हेडमास्तरांनी वाकून, घाम पुसत समजावून सांगितलं. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "मास्तर, ही शाळा आहे. बाजार नव्हे."

"व्हय, साहेब," गुलाबमास्तर म्हणाले. "बाजारात बी भाव चारचौघांत फोडत न्हाईत. एकदा फुटला की पडतो. मग त्या जनावराला कुनी वर काढत न्हाई. हितं तर पोरं हायेत."

साहेब चिडले. तरुण माणूस, गावासमोर एक ड्रिलमास्तर नाही म्हणतो, चिडायचेच. त्यांनी मास्तरांकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे तुम्हाला स्वतःची श्रेणी ऐकायची भीती वाटते. बोला, तुम्हाला कोणती द्यावी?"

कडेने पारावरचे दोघे-तिघे हसले. मुलांतलं कुणी हसलं नाही. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी पाहिलं की गुलाबमास्तरही हसले नाहीत. ते सरळ उभे राहून म्हणाले, "माजी झालीया, साहेब. ल्हानपनीच."

साहेबांनी टोपी डोक्यावर ठेवली, उठले आणि मोटारीत जाऊन बसले. शेरा काय आला ते सांगायची गरज नाही. महिनाअखेरीस गुलाबमास्तरांची जागा गेली.

त्यांना पोचवायला मी घोडेगावला गेलो. ट्रंक बैलगाडीत, आम्ही दोघं मागे चालत. नेमका बाजाराचा दिवस. बाजाराच्या तोंडाशी पोचलो न पोचलो तोच एकाने हाळी दिली, "आरं, हल्या आला." दुसरा म्हणाला, "हल्या, लई दिसानं." चहावाला, दावी विकणारा, बैलांना नाल मारणारा, सगळे हल्या. हल्या म्हणजे रेडा, हे नगरकडच्या माणसाला सांगायला नको. आणि ते कुजकेपणाने म्हणत नव्हते, चांगले प्रेमाने म्हणत होते. त्या बाजारात गुलाब नावाचा माणूसच कुणाला माहीत नव्हता. मास्तर प्रत्येकाला हसून हात करत होते, तेच लवकर येणारं हसू.

मी त्यांचा दंड धरला. तेव्हा त्यांनी चालता चालता सांगितलं. आठ-नऊ वर्षांचे असताना वडिलांबरोबर बाजारात आले होते. तेव्हाही अंगाने मोठे. एका गिऱ्हाइकाने थट्टेने विचारलं, "दलाल, ह्येची काय किंमत?" वडील जिभेचे तिखट. भर बाजारात म्हणाले, "न्या हल्याच्या भावानं." सगळा बाजार हसला. रात्री घरी जाईपर्यंत ते नाव घरी पोचलं होतं. पुढे सोयरिकीसाठी पाहुणे येत, ते आधी बाजारात घर विचारत, आणि कुणीतरी सांगे, हल्याचं घर व्हय, त्ये तिकडं. पाहुणे चहा पिऊन परत जात. मास्तरांचं लग्न झालं नाही.

"अब्बांच्या मनात काय न्हवतं," ते म्हणाले. "हसायला म्हनले. त्यांना आता आठवत बी नसंल."

मला कळेना कुठे पाहावं. एवढा मोठा माणूस, कायम होऊन त्याच बाजारात 'मास्तर' म्हणून पाऊल टाकायचं एवढीच त्याची हौस होती, आणि ती त्याने छगन तेल्यासाठी सोडून दिली होती. मला त्यांचा राग आला आणि त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं, दोन्ही एकदम.

म्हातारे एका बाभळीखाली पोत्यावर बसले होते. डोळ्यांना कमी दिसत असावं, पण कान शाबूत. पावलांवरूनच त्यांनी ओळखलं. "आलास? झालास कायम?"

"न्हाई, अब्बा. काढलं."

"का?"

मास्तर खाली बघत उभे राहिले. ते सांगणार नाहीत हे मला दिसत होतं, तेव्हा मीच बोललो. म्हटलं, "चाचा, साहेब म्हणाले पोरांच्या अंगाची श्रेणी सगळ्या गावासमोर वाचा. कोण जाड, कोण रोडका. ह्यांनी वाचली नाही. वाचली असती तर आज कायम झाले असते."

"का न्हाई वाचली?" म्हाताऱ्याने मला विचारलं.

मी म्हटलं, "ते म्हणाले, माझी लहानपणीच झाली आहे."

म्हातारा दाढीवरून हात फिरवत राहिला. त्याला आठवत होतं. आठवत नसतं तर त्याने पुढचा प्रश्न विचारला असता. मी उगीच बोललो असं वाटून मी गाडीतून ट्रंक उतरवून घेण्याच्या खटपटीला लागलो.

तेवढ्यात पलीकडून एका दलालाने ओरडून सांगितलं, "ए हल्या, मोकळा हायेस न्हवं? ही गाय धर जरा, लाथ मारतीया."

मास्तर सवयीने तिकडे वळले. म्हाताऱ्याने काठी टेकली आणि उठून उभा राहिला. वयाच्या मानाने आवाज खणखणीत होता, आसपासचे दोन सौदे थांबले.

"गुलाब नाव हाय त्याचं," म्हातारा म्हणाला. "मास्तर हाय त्यो. गुलाबमास्तर म्हन, मग गाय धराया सांग."

तो दलाल गोंधळला. त्याला थट्टा वाटली, मग वाटली नाही. "बरं बाबा," तो म्हणाला. "गुलाबमास्तर, गाय धरता का जरा?"

"धरतो," मास्तर म्हणाले.

त्यांनी जाऊन दावं हातात घेतलं आणि गाईच्या मानेशी, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. पलीकडे गिऱ्हाईक आलं, बोलाचाली झाली, सौदा तुटला. गाय नेणारा माणूस हात पुढे करून उभा होता. मास्तरांनी दावं सोडलं नाही, आणि ते आमच्याकडे वळलेही नाहीत.